गळका बाजा

खोक्यात सगळ्यात वर पांढरे हातमोजे होते, सुती, मनगटापाशी बटण असलेले. त्याखाली सोनेरी सॅक्सोफोन, तोंडात धरायचा माउथपीस, त्याला लावायची एक रीड (फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी), गळ्यातला पट्टा आणि पुसायचं फडकं. चोवीस हजार रुपये, घरपोच. २०२२ चा दसरा होता. मी त्याला झेंडूचं फूल वाहिलं आणि बराच वेळ नुसती बघत बसले.

माझे वडील कद्री गोपालनाथ यांची कॅसेट लावायचे. सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवणारे कद्रीजी २०१९ मध्ये गेले, वडील त्याच्या आधीच गेले होते. तो आवाज मात्र कानात राहिला होता. लहानपणी पाच वर्षं पेटी शिकले होते, त्यामुळे सूर कळत होते. त्रेचाळीसाव्या वर्षी ठरवलं, आता थांबायचं नाही.

मिरजेत माझं औषधांचं दुकान आहे. रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढायचं, हिशेब मिटवायचा, मग पूर्ण ओढून आत रियाज. औषधांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत आवाज चांगला मुरतो, शेजाऱ्यांना त्रास होत नाही. व्हिडिओ बघून बोटं बसवली. डाव्या हाताच्या तीन बोटांनी निघणारे सूर आठवड्याभरात यायला लागले. उजव्या हाताची बोटं लागली की मात्र आवाज चिरकायचा. सगळ्यात खालचे सूर तर येतच नव्हते, नुसती हवा जायची.

पाच महिने मला वाटत होतं, चूक माझीच. ओठ नीट धरता येत नसतील, दम कमी पडत असेल. पहाटे उठून प्राणायाम सुरू केला. रीड बदलल्या. इथे ओळखीचे डॉक्टर पुष्कळ, एकांकडून फुफ्फुसांची तपासणीसुद्धा करून घेतली. रिपोर्ट अगदी नॉर्मल. तो हातात घेऊन दुकानात आले आणि रडू आलं, कारण आता काय करायचं तेच सुचेना.

आमचं गाव तंतुवाद्यांचं. सतारमेकर गल्लीत जाऊन विचारलं. तिथले कारागीर म्हणाले, आमचं काम भोपळ्याचं आणि तारेचं, पितळेचं काही असलं तर बँडवाल्यांकडं जा. आधीच सुचायला हवं होतं. लग्नाच्या वरातीत सॅक्सोफोन वाजतो तो कुणी तरी दुरुस्त करतच असणार की.

बँडच्या दुकानातले चाचा साठीच्या पुढचे. त्यांनी माझा सॅक्सोफोन घेतला, स्वतःचा माउथपीस लावला आणि वरून खाली एकेक सूर वाजवत गेले. मी ज्या सुरावर अडकायचे तिथेच तेही अडकले. त्यांनी बाजा खाली ठेवला.

"ताई, फुंक तुमची बरोबर आहे. बाजा गळतोय."

मग त्यांनी पोराला गणपतीच्या मखरातली दिव्यांची माळ आणायला सांगितली. शटर ओढलं, अंधार केला, माळ सॅक्सोफोनच्या पोटात सोडली आणि एकेक चावी हलक्या बोटानं दाबत गेले. चावी दाबली की तिच्याखालचं पॅड, म्हणजे चामड्याची गादी, भोकावर घट्ट बसायला हवं, काळोख व्हायला हवा. माझ्या बाजाला पाच ठिकाणी पॅडच्या कडेनं प्रकाशाची बारीक कोर दिसत होती, नखाएवढी. पाच महिने माझा श्वास तिथून निघून जात होता.

सॅक्सोफोन पितळेचा असला तरी आवाज रीडमुळे निघतो, म्हणून तो क्लॅरिनेटच्या घराण्यातला. आतली नळी वरून खाली रुंद होत जाते, तिला भोकं असतात आणि प्रत्येक भोकावर चामड्याचं पॅड, अशी पंचवीसेक. सूर जितका खालचा तितकी जास्त भोकं एका वेळी बंद करावी लागतात. त्यातलं एक जरी वरच्या अंगाला गळत असलं, तरी त्याच्या खालचे सगळे सूर बिघडतात. म्हणून वरचे सूर मला येत होते आणि खालचे नाही. शिकणारा अडकतो तो नेमका इथे. अनुभवी माणूस दोन मिनिटांत ओळखतो की वाद्य खराब आहे, नवशिक्याला मात्र प्रत्येक बेसूर आपलाच वाटतो. स्वस्त वाद्याबद्दल माझी खरी तक्रार पैशाची नाही. माणूस स्वतःवरचा विश्वास गमावून शिकणं सोडून देतो, ही आहे.

पॅड चावीच्या वाटीत लाखेनं चिकटवलेलं असतं. चाचांनी स्पिरिटच्या दिव्यावर वाटी तापवली, लाख मऊ झाली तसं पॅड किंचित सरकवून सपाट बसवलं आणि निवेपर्यंत चावी दाबून धरली. मग सिगारेटच्या कागदाची पट्टी पॅडखाली धरून हळूच ओढली. चारही बाजूंनी सारखी अडकली तर पॅड बसलं. दोन दिवसांचं काम, तीन हजार रुपये. त्या रात्री दुकानात मी पहिल्यांदा खालचा सा लावला आणि काउंटरची काच थरथरली.

दोन महिन्यांनी पुन्हा गळती. चाचांनी चावीची दांडी अंगठ्यानं दाबून दाखवली, वाकली. "धातू मऊ आहे. आज बसवलं, उद्या हललं." सुटे भागही कुठं मिळेनात. सगळेच स्वस्त बाजे असे निघतात असं मी म्हणणार नाही. पण माझा निघाला, आणि घेताना तो ओळखायची मला अक्कल नव्हती.

मग मी जुना घ्यायचं ठरवलं. विद्यार्थ्यांसाठीचा यामाहाचा आजचा आल्टो (मधल्या मापाचा सॅक्सोफोन) वायएएस-२८०, नवा लाखाच्या वर जातो. त्याचाच जुना पूर्वज वायएएस-२३ पुण्यात एका वादकाकडे होता, त्यांनी वाजवणं थांबवलं होतं. आषाढात, लग्नसराई संपल्यावर, चाचा माझ्याबरोबर कोयना एक्सप्रेसनं आले. पिशवीत दिव्यांची माळ, माझा माउथपीस, नवीन रीड. त्या जुन्या बाजाचं अंगठ्याच्या जागी पॉलिश पार उडालेलं, घंटेवर, म्हणजे पुढच्या रुंद तोंडावर, एक पोचा. मला ते बघून धस्स झालं, चाचांनी तिकडे लक्षसुद्धा दिलं नाही. त्यांनी खिडक्या लावून घेतल्या, माळ सोडली, चाव्यांच्या दांड्या बाजूला हलवून त्या ढिल्या आहेत का ते बघितलं, गळ्याची नळी वाकलेली नाही ना ते डोळ्यासमोर धरून पाहिलं. मग सगळ्यात खालचा सूर अगदी हळू वाजवला. जोरात फुंकून खालचा सूर कुणीही काढेल, हळू आला तरच बाजा चांगला. दोन पॅड बदलावी लागणार होती. बावन्न हजारांना ठरलं.

बावन्न हजार म्हणजे स्वस्त नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण पहिल्याचे चोवीस, दुरुस्तीचे तीन आणि वाया गेलेले आठ महिने धरले, तर आधीच थोडी थांबून साठवायला हवं होतं. तेवढे पैसे नसतील तर बँडवाल्यांकडे विचारा. चाचांचा स्वतःचा बाजा मेरठचा आहे, वीस वर्षांहून जुना, अजून खणखणीत, कारण ते दर महिन्याला तो उघडून बसतात. असा माणूस जवळ असेल तर साधा बाजाही चालतो. नसेल तर जे काही बजेट असेल त्यातला पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवूनच किंमत ठरवा.

माउथपीसवर मात्र कंजुषी करू नका. खोक्यातल्या माउथपीसची कड वाकडी होती. यामाहाचा साधा ४सी माउथपीस घेतला आणि दोन नंबरची, म्हणजे मऊशी, रीड लावली, तेव्हा त्याच गळक्या बाजाचे वरचे सूर एकदम गोड झाले. रीड दहाच्या डब्यात घ्या, त्यातल्या सगळ्या काही सारख्या निघत नाहीत. वाजवून झालं की आतून कोरडं फडकं फिरवा, ओलं राहिलं की चामड्याची पॅड फुगतात आणि चिकटतात.

आल्टो की त्याहून मोठा टेनर, हेही लोक विचारतात. आल्टो हलका, बोटं जवळ, फुंक कमी लागते. पेटी शिकलेल्यांना एक गोष्ट उपयोगी पडेल: पाश्चात्त्य पद्धतीच्या पुस्तकात लिहिलेला 'सी' आल्टोवर वाजवला की पेटीच्या काळी दोनचा सूर येतो, टेनरवर काळी पाचचा. मी तानपुरा काळी दोनवर लावते आणि तिथेच सा धरते. सरळ, छोटा सोप्रानो दिसायला सोपा, पण सुरात ठेवायला फार अवघड, पहिल्यांदा तो नकोच.

चाचांकडे जायचं तर लग्नसराईत जाऊ नका, गणपतीतही नको. आषाढात दुपारी ते निवांत असतात, चहा पाजतात आणि घाई करत नाहीत.

पहिला सॅक्सोफोन मी विकला नाही. जाहिरात टाकली असती तर पंधरा हजार सहज आले असते, पण घेणारा माझ्यासारखाच कुणी नवशिका असता. तो चाचांच्या दुकानात खुंटीला टांगलाय. त्यांचा पुतण्या त्याच्यावर लाख तापवायला आणि पॅड बसवायला शिकतोय. मागच्या खेपेला गेले तेव्हा त्याने माळ सोडून मला दाखवली. तीन ठिकाणी काळोख होता, दोन ठिकाणी अजून कोर दिसत होती.