बर्फाच्या पोटातली साखर

दोन दिवस बर्फाने दार उघडू दिलं नव्हतं. तिसऱ्या सकाळी आभाळ लख्ख निवळलं आणि समोरचा उतार असा दिसला की आदल्या रात्रीची सगळी शहाणपणाची चर्चा मी तिथल्या तिथे विसरलो. हिमस्खलनाच्या इशाऱ्यात धोका ५ पैकी ३ होता. हा ३ फार फसवा आकडा. ४ असला की माणूस मुकाट घरी बसतो; ३ला म्हणतो, जाऊन तर बघू.

निघताना प्रत्येकाचा बीकन तपासला, म्हणजे बर्फाखाली गाडलं गेलं तर शोधता यावं म्हणून अंगावर बांधायचं संदेशयंत्र. माझा नीट ऐकू येईना. फोन त्याच खिशात होता! ४५७ किलोहर्ट्झवरचा तो क्षीण संदेश फोनच्या शेजारी गोंधळतो. आमची म्होरकी काही बोलली नाही, फक्त बघत राहिली. फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला.

स्कीच्या तळांना स्किन, म्हणजे चढताना मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या, चिकटवून दोन तास चढलो. वर धारेवरून बर्फाचा भुरका उडत होता. म्हणजे वारा पलीकडचा बर्फ उचलून आमच्याच बाजूला आणून टाकत होता. झाडी संपली तिथल्या सपाटीवर पायाखालून आवाज आला: 'व्हुम्फ'. दूर कुणी भरलेलं पोतं आपटावं तसा. माझ्या स्कीच्या टोकापासून एक बारीक भेग सरळ दहा-बारा फूट धावत गेली. चौघंही जागच्या जागी थांबलो.

मग सुरक्षित जागा बघून, पण त्याच दिशेला तोंड असलेल्या उतारावर, फावड्याने जमिनीपर्यंत खड्डा खणला. वरचा सुमारे ४५ सेंटीमीटर नवा, वाऱ्याने दाबलेला थर. त्याखाली बोटभर जाडीचा करडा पट्टा. तिथलं बर्फ हातमोज्यावर घेतलं तर साखरेसारखं घरंगळून गेलं, मुठीत दाबूनही गोळा होईना. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ पातळ आणि रात्री निरभ्र, कडाक्याच्या थंडीच्या असल्या की हे घडतं: जमिनीजवळ तापमान शून्याच्या आसपास, पृष्ठभाग मात्र गोठलेला, खालची वाफ वर सरकत जाते आणि कण टोकदार, एकमेकांना न धरणारे होतात. आठवड्यांमागे तयार झालेला हा थर आता नव्या ओझ्याखाली गप्प पडून होता.

हा थर किती सहज सुटतो ते बघायला ९० सेंटीमीटर रुंद, ३० सेंटीमीटर खोल असा बर्फाचा खांब कापला, एका टोकाला फावडं ठेवलं आणि म्होरकीने थापा मारायला सुरुवात केली. मनगटातून दहा, काही नाही. कोपरातून अकरा, बारा... तेराव्या थापेला अख्खा खांब एका तुकड्यात पुढे आला, टेबलाचा खण ओढावा तसा.

"बोल," ती म्हणाली.

वरचा उतार कोनमापकावर ३६ अंश भरला होता. पाट्यासारखं सुटणारं हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांतच होतं. माथा दोनशे मीटरवर. खरं सांगतो, तरीही मी म्हणालो, "कडेकडेने गेलो तर?" कुणी उत्तर दिलं नाही, हे बरंच झालं.

उतरलो ते झाडीतल्या २५ अंशांच्या उतारावरून, एकेक करून. गुडघाभर बर्फ, दोन ठिकाणी तर काठ्यांनी ढकलत जावं लागलं. मजा? अर्धी.

दुसऱ्या दिवशी खालून दुर्बिणीने पाहिलं तर आमच्या त्या उतारावर कुणाच्या तरी स्कीच्या चार नागमोडी रेषा. काहीच सुटलं नव्हतं. माझा चेहरा पडला. अशा थराचा हाच खोडसाळपणा: चौघं सुखरूप उतरतात आणि पाचव्याचं वजन नेमकं वरचा पाटा पातळ असलेल्या जागी पडतं. हे मला माहीत होतं, तरी पडायचा तो चेहरा पडलाच.

म्होरकीने दुर्बीण घेऊन बराच वेळ पाहिलं. "वळणं मात्र तुझ्यापेक्षा बरी आहेत," म्हणाली आणि ओल्या स्किन वाळत घालायला आत गेली.