शिळं पाणी

आमच्या कोल्हापुरात, आमच्या भागात नळाला एक दिवसाआड पाणी येतं, पहाटे साडेपाचला. पाणी यायच्या आधी आईचं पहिलं काम काय असायचं, तर पिंपात, घागरीत, कळशीत जे काही राहिलंय ते सगळं मोरीत ओतायचं, भांडी घासायची आणि नवीन पाणी भरायचं. "शिळं पाणी हाय रे ते," एवढंच म्हणायची. लहानपणापासून बघत आलोय त्यामुळं मला त्यात काही वावगं वाटायचं नाही, उलट घर कसं स्वच्छ असंच वाटायचं.

२०२३ ला पावसानं दगा दिला. सरकारनं जे ४० तालुके दुष्काळी जाहीर केले त्यात आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले हातकणंगले आणि गडहिंग्लज पण होते. दुष्काळ म्हटलं की आपण लातूरकडं बघतो, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं तेव्हा आम्ही मित्र मिरजेत ती गाडी बघायला गेलेलो. पहिल्या गाडीला १० टाक्या, ५ लाख लिटर. तेव्हा केवढं पाणी वाटलेलं ते! पण शहरात माणशी १३५ लिटर धरतात त्या हिशोबानं ते जेमतेम पावणेचार हजार माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं.

तर त्या पुढच्या उन्हाळ्यात एकदा मी आईला म्हटलं थांब, आज ओतू नकोस, मोजूया. १५ लिटरची बादली घेतली आणि सगळं त्यात काढत गेलो. आठ बादल्या भरल्या. १२० लिटर, म्हणजे एका माणसाचं जवळजवळ दिवसाचं पाणी, आणि ते आम्ही वर्षानुवर्षं दर दोन दिवसाला मोरीत सोडत होतो. आई पण गप्प झाली, तिला आकडा बघून वाईट वाटलं, पण लगेच म्हणाली, "मग काय कालचं पाणी प्यायचं व्हय?"

ह्याला माझ्याकडं उत्तर होतं, आणि मला वाटतं प्रत्येक कोल्हापूरकरानं ह्याचा एकदा तरी विचार करावा. म्हटलं आई, मे महिन्यात नळाला येतं ते तरी कुठं ताजं असतं, ते गेल्या जुलै-ऑगस्टचं असतं. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण बांधायला घेतलं ते ह्यासाठीच की पावसाळ्यातलं पाणी उन्हाळ्यात मिळावं. तिथं साठतं, मग भोगावती नदीतून खाली येतं आणि उपसलं जातं, नाहीतर २०२३ पासून काळम्मावाडीच्या धरणातून थेट पाइपनं येतं, आणि शुद्ध होऊन आपल्या नळाला येतं. नऊ-दहा महिने धरणात थांबलेलं पाणी आपण ताजं म्हणून भरतो आणि दोन दिवस आपल्याच पिंपात झाकून ठेवलेलं ते शिळं म्हणून ओततो.

झाकण नीट पाहिजे, हे मात्र खरं. आणि आठवड्यातनं एकदा पिंप रिकामं करून आतनं घासायलाच पाहिजे, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून असतात आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. पण त्या दिवशी सुद्धा पाणी मोरीत कशाला, आम्ही ते आता कपड्याला आणि फरशीला वापरतो.

आणखी एक म्हणजे घरातला आरओ, पाण्यातले क्षार काढणारा फिल्टर. शुद्ध पाणी एक लिटर निघतं तेव्हा दोन-तीन लिटर मागच्या पाइपनं वाया जातं. दुकानातनं साधा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा, आणून नळाचं पाणी मोजलं तर ११० च्या आसपास आलं, ५०० च्या आत असेल तर आरओची गरजच नसते. बंद केला, आता यूव्हीवालाच, म्हणजे किरणांनी जंतू मारणारा फिल्टरच वापरतो. बोअरचं पाणी असणाऱ्यांचं वेगळं, त्यांनी आधी मोजून मगच ठरवावं.

आता कामावरचं सांगतो. मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करायच्या कारखान्यात, मेंटेनन्सला आहे. फर्नेसच्या, म्हणजे भट्टीच्या कॉइलमधून सतत पाणी फिरवावं लागतं, ते गरम होऊन गार व्हायला कूलिंग टॉवरला जातं, तिथं थोडं वाफ होऊन उडतं आणि तेवढं नवीन पाणी टाकीत घ्यावं लागतं. वाफ होणार, त्याला इलाज नाही. पण आमच्या टॉवरमागं गटारीच्या बाजूला कायम ओल असायची, हिरवं शेवाळ धरलेलं, आणि सगळ्यांचं एकच, टॉवरचे शिंतोडे उडतात. एका रात्रपाळीला बॅटरी घेऊन मागं गेलो तर ओव्हरफ्लोच्या पाइपातनं करंगळीएवढी धार पडत होती. पाण्याची एक लिटरची बाटली धरली, दहा सेकंदात भरली. मिनिटाला ६ लिटर, तासाला ३६०, दिवसाला ८,६४०. जवळजवळ एक मोठा टँकर रोज, आणि उन्हाळ्यात आम्ही टँकर विकत घेत होतो! वर चढून बघितलं तर बॉलकॉकच्या, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या नळाच्या, फुग्यात पाणी शिरून तो बुडालेला, त्यामुळं पाणी बंदच होत नव्हतं. फुगा बदलायला अर्धा तास लागला. मला अजून त्याची चुटपुट लागते, कारण त्या जागेवरनं मी रोज जात होतो.

तेव्हापासून टाकीला येणाऱ्या लाइनवर मीटर बसवून घेतलाय आणि प्रत्येक पाळीला रीडिंग वहीत लिहायचं ठरलंय. आमच्यातल्या एका जुन्या मामांनी तर साच्याची वाळू तयार करायच्या सँड प्लांटजवळच्या हात धुवायच्या नळाखाली बादली ठेवायची सवय लावली, ते पाणी संध्याकाळी झाडांना जातं.

पावसाळ्यात आपण सगळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी दर तासाला विचारतो, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, पोराबाळांना पाठ आहे. आणि २०१९ च्या महापुरात चहूकडं पाणी असताना उपसा केंद्रंच बुडाली आणि आपण टँकरमागं घागरी घेऊन पळालो, ते पण विसरलेलो नाही. पण एप्रिलमध्ये राधानगरीत, काळम्मावाडीत किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी राहिलंय हे कितीजण विचारतात? नदीवर उपसाबंदी लागते, शेतकऱ्याच्या मोटरी बंद होतात, ऊस वाळायला लागतो, आणि शहरात आपण त्याच धरणांचं पाणी पाइप लावून गाडीवर सोडतो. हे मला अजिबात पटत नाही, एक बादली आणि फडकं घेतलं तर गाडी तेवढीच स्वच्छ होते.

आईनं आता तिचा तोडगा काढलाय. पाणी आलं की देवापुढचा तांब्या आणि प्यायची कळशी तेवढी ताजी भरते, कळशीतलं राहिलेलं तुळशीला घालते. पिंपाचं झाकण उघडून आत हात घालून बघते किती कमी झालंय, आणि तेवढंच वर भरते.