चार कट्ट्यांचे शंभर

बुधवार, रात्र

आज सहावीत फळ्यावर 36 × 25 लिहिलं. मुलं उभी मांडणी करून हातचे घेत वहीत उतरवायला लागली. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने मात्र पेन्सिल उचललीच नाही. विचारलं, तर म्हणाली, "नऊशे की बाई."

"कसे गं?"

"चार कट्ट्याचं शंभर होतंय. छत्तीस कट्टे म्हणजे नऊ शंभर."

आमच्या सोलापूरच्या पूर्वभागातल्या शाळेत कट्टा म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागत नाही. एका बाजूला यंत्रमागांची खटखट, दुसरीकडे दारादारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. हिची आई आणि आजी दोघी वळतात. पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार, आणि मजुरी हजारावर. संध्याकाळी ही कट्टे मोजते. आमच्या आजोबांची पिढी पावकी, निमकी, दीडकी, म्हणजे पाव, अर्धा आणि दीडचे पाढे घोकायची. छत्तीसचा पाव नऊ, हे त्या पावकीतलंच. या मुलीने पावकी हा शब्दही ऐकलेला नसेल, पण रीत तिच्या हातात आहे.

मी पुढे सरकवून पाहिलं. "सदतीस कट्टे असले तर?"

"नऊशे आणि वर एक कट्टा. नऊशे पंचवीस."

"आणि कट्टा चोवीसचा असला तर?"

ती गप्प झाली. मग ठामपणे म्हणाली, "चोवीसचा कट्टा नसतोय बाई."

हे उत्तर मला फार मोलाचं वाटलं. तिची रीत नक्की कुठे उभी आहे ते त्यात दिसलं. घरातला हिशोब इथपर्यंत आला होता आणि आता उंबरठा ओलांडायचा होता. म्हटलं, "नसतो. पण समज, असलाच तर?" मागच्या बाकावरून एक जण बोलला, "प्रत्येक कट्ट्यातनं एक एक विडी काढा की. छत्तीस विड्या गेल्या. आठशे चौसष्ट." मग तीच उठून म्हणाली, सव्वीसचा असला तर छत्तीस वाढवायच्या, नऊशे छत्तीस. कंसाबाहेरच्या संख्येने आतल्या दोन्हींना गुणायचं, हा नियम पुढे बीजगणितात येतो तेव्हा अर्धा वर्ग तो नुसता पाठ करतो. आज तो विड्यांच्या हिशोबातून आपसूक वर आला.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातला एक अभ्यास यावेळी हमखास आठवतो. 1985 साली तो प्रसिद्ध झाला. रस्त्यावर, बाजारात विक्री करणारी पाचच मुलं होती त्यात. गिऱ्हाइकाशी बोलताना तोंडी केलेल्या हिशोबांत त्यांची 98 टक्के उत्तरं बरोबर आली. तीच आकडेमोड नुसत्या संख्यांत परीक्षेसारखी दिली, तेव्हा बरोबर उत्तरं 37 टक्क्यांवर उतरली. पाच मुलांवरून जगाचा निष्कर्ष काढायचा नसतो हे मान्य. पण आपल्याकडे असं मूल वर्गात बसलेलं असतं आणि आपण त्याला "रीत लिही" एवढंच सांगतो, याचं मला वाईट वाटतं.

तिला मी रीतही लिहायला लावलीच, कारण परीक्षेत पायऱ्यांना गुण आहेत. खाली एका ओळीत स्वतःची रीतही लिहायला सांगितली. दोन्हीकडे नऊशे आले तेव्हा तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

परीक्षेत मुलांना वेळ पुरेल का, ही पालकांची काळजी मला समजते. शिष्यवृत्तीच्या एका पेपरात 75 प्रश्न आणि 90 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 72 सेकंद. तिथे पाढे तोंडावर हवेतच. चार नवे छत्तीस पाठ नसते, तर या मुलीची युक्तीही अडली असती. माझा राग आहे तो कारण न सांगता क्लासमध्ये विकल्या जाणाऱ्या ट्रिकांवर. "शेवटी पाच आला की असं करायचं." का करायचं ते कुणी सांगत नाही, मुलंही विचारत नाहीत. ही मुलगीसुद्धा युक्तीच वापरते, पण ती का चालते हे तिला माहीत आहे. कुठे चालत नाही हेही तिने स्वतःच सांगितलं. गणिती विचार मी यालाच म्हणते. वेग हवा, पण तो याच्या मागून येऊ दे.

आठवीचा तासही आज असाच रंगला. द. रा. कापरेकर देवळालीला शाळेत शिक्षक होते. 1949 साली त्यांनी शोधलेली 6174 ची गंमत मुलांना दिली. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उलटसुलट लावून मोठ्यात मोठीतून लहानात लहान वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. 3524 घेतली तर 5432 वजा 2345, म्हणजे 3087. मग 8352. मग 6174, आणि पुढे 6174 च येत राहते. कुठूनही निघा, फार तर सात वजाबाक्यांत पोचता.

एका मुलाने 1112 घेतली. 2111 वजा 1112, उत्तर 999. त्यातून 999 गेले, शून्य. "बाई, चुकलं की कापरेकरांचं!" वर्गात कल्ला झाला. पाच मिनिटं वाद घालून मुलांनीच ठरवलं की चार अंकांचा खेळ असेल तर 0999 लिहायचं, पुढचं शून्य गाळायचं नाही. तसं केल्यावर पाचव्या वजाबाकीला 6174 आली. नियम नीट सांगावा का लागतो, हे यापेक्षा चांगलं मला शिकवता आलं नसतं.

मग मी विचारलं, सगळ्याच संख्यांचं असं होईल हे कशावरून? सरळ उत्तर आलं: सगळ्या करून बघायच्या. सगळ्या म्हणजे 8991. मुलं सुस्कारे टाकायला लागली, तेवढ्यात खिडकीजवळच्या मुलीने शेजारणीची वही ओढली. हिची 3524, तिची 4635, आणि पहिली वजाबाकी दोघींचीही 3087. असं का? बराच वेळ खाडाखोड चालली. शेवटी सापडलं. अंक उतरत्या क्रमाने लावल्यावर पहिल्या आणि शेवटच्या अंकातला फरक गुणिले 999, मधल्या दोन अंकांतला फरक गुणिले 90, एवढ्यावरच सगळं ठरतं. दोघींचेही फरक तीन आणि एक. बाकी अंक कुठले, याने काहीही बिघडत नाही.

बाहेरचा फरक एक असेल तर मधला शून्य किंवा एक, म्हणजे दोन जोड्या. दोन असेल तर तीन. असं नऊपर्यंत. दोन, तीन, चार करत दहापर्यंतची बेरीज 54. जवळजवळ नऊ हजारांचं काम चोपन्नवर आलं. घंटा झाली होती तरी कुणी उठेना. मला भरून आलं, ते इथे लिहून ठेवते.

चोपन्न जोड्या बाकाबाकांत वाटून दिल्या आहेत, शुक्रवारी सगळ्यांच्या वह्या एकत्र लावून बघू. उद्या आठवीला तीन अंकी संख्यांचा हाच खेळ द्यायचा आहे. तिथे कुठली संख्या येते ते मी विचारणार नाही, ती त्यांना दोन मिनिटांत सापडेल. किती जोड्या तपासल्या की पुरे, एवढंच आधी विचारणार आहे, वजाबाकीला हात लावायच्या आत. आणि सहावीतल्या त्या मुलीला 125 चा गुणाकार द्यायचा आहे. पाच कट्टे एकत्र बांधले तर आठाचे हजार होतात, हे ती स्वतः काढते का ते बघायचं आहे.