भरतीचं ग्राउंड काय मोजतं आणि काय मोजत नाही

अग्निवीर भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारले की ६० गुण, दहा बीम (म्हणजे पुल-अप) मारले की ४०. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स (वाकड्यातिकड्या पट्टीवर तोल सांभाळत चालणं) नुसते पास व्हायचे. ग्राउंडचे शंभरच्या शंभर गुण धावण्यावर आणि बीमवर, म्हणून पोरांचा सारा सरावही तेवढ्यावरच चालतो. हे गुण पुढच्या कामाबद्दल नेमकं काय सांगतात, हे सराव करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

दोन्ही प्रकारांत आपण फक्त स्वतःचं वजन हलवतो, त्यामुळे हलक्या अंगाच्या मुलाला फायदा होतो. पलटणीत मात्र भार माणूस बघून कमी-जास्त होत नाही. ३० किलोचा पिट्ठू (पाठीवरची सॅक) ५५ किलोच्या जवानासाठी त्याच्या वजनाच्या ५५ टक्के असतो, ७५ किलोच्या जवानासाठी ४० टक्के. ग्राउंडवर पहिला आलेला मुलगा भार घेतल्यावर मागे पडतो तेव्हा त्याची जिद्द कमी पडलेली नसते. ती ताकद आधी कोणी मोजलेलीच नसते.

म्हणून धावण्याची चाचणी निरुपयोगी ठरत नाही. सुरुवातीच्या प्रशिक्षणात हळू धावणाऱ्यांना दुखापती जास्त होतात, हे अनेक देशांच्या सैन्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. कारण सरळ आहे. तुकडी एकाच वेगाने पळते. ज्याचा दम कमी, तो आपल्या कमाल क्षमतेच्या जवळ राहून पळतो, लवकर थकतो, पावलं वेडीवाकडी पडू लागतात आणि मार नडगीच्या हाडावर बसतो. धावण्याची वेळ कामाची ताकद सांगत नसली, तरी प्रशिक्षण कोणाला झेपेल याचा बऱ्यापैकी अंदाज देते.

चाचणी कामाशी जोडायची, तर सुरुवात कामापासूनच करावी लागते. जवान काय उचलतो, किती उंच, किती अंतर, किती वेळा, हे आधी मोजायचं. मग त्यातली सर्वांत जड आणि टाळता न येणारी कामं निवडायची. जवानांकडून ती कामं आणि साध्या चाचण्या दोन्ही करून घ्यायच्या आणि कोणती चाचणी कामाशी जुळते ते पाहायचं. इथे एक चूक फार होते. फक्त पास झालेल्यांचेच आकडे तपासले, तर सगळे साधारण सारखेच निघतात आणि चाचणीचा कामाशी संबंध आहे त्याहून कमी दिसतो. त्यासाठी कमकुवत आणि दणकट, दोन्ही टोकांची माणसं अभ्यासात हवीत.

अमेरिकी सैन्यात १९८० पासून पुश-अप, सिट-अप आणि दोन मैल धावणं एवढीच चाचणी होती. तिच्या जागी सहा प्रकारांची नवी चाचणी आली. त्यात डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचं जड वजन उचलून सरळ उभं राहणं, होतं. शिवाय ५० मीटरच्या पाच फेऱ्या होत्या, त्यांत एक फेरी सुमारे ४० किलोची घसरगाडी ओढायची आणि एक दोन्ही हातांत १८-१८ किलोची वजनं घेऊन पळायची. पोटाच्या ताकदीसाठी बारला लटकून गुडघे कोपरापर्यंत न्यायचे होते. पण ज्यांची पकड किंवा दंड कमजोर, ते पोट मजबूत असूनही नापास होत होते. २०२२ मध्ये तो प्रकार काढून प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग ताठ धरून ठेवणं) ठेवला. चाचणीत दुसऱ्याच स्नायूचा अडथळा आला, की निकाल चुकीच्या गोष्टीबद्दल बोलू लागतो.

ब्रिटिश सैन्याने २०१९ पासून वेगळी वाट धरली. पायदळासारख्या लढाऊ तुकड्यांची चाचणी कामासारखीच ठेवली: ४० किलो घेऊन ४ किलोमीटर चाल ५० मिनिटांत, लगेच २५ किलो घेऊन २ किलोमीटर १५ मिनिटांत, ११० किलोचा 'जखमी' ओढणं, पाण्याचे दोन जड कॅन वाहणं. माझ्या मते हीच पद्धत जास्त प्रामाणिक आहे. पण तिला साहित्य, जागा आणि वेळ लागतो. एका दिवशी शेकडो मुलं उभी असलेल्या भरतीच्या मैदानावर ती जमणार नाही. आपल्याकडे ते काम पलटणीतली बीपीईटी (बॅटल फिजिकल एफिशियन्सी टेस्ट, जवानांची शारीरिक क्षमता चाचणी) काही अंशी करत आली आहे, कारण तिथे पाच किलोमीटर धावायचं ते शस्त्र आणि साज अंगावर घेऊन.

तयारी करणाऱ्यांनी १६०० आणि बीम सोडू नयेत, पण आठवड्यातला एक दिवस भारासाठी ठेवावा. दहा किलोपासून सुरू करा आणि चालाच, भार घेऊन डांबरी रस्त्यावर पळू नका. एका आठवड्यात अंतर वाढवलं तर वजन तेच ठेवा. सॅकमधलं वजन पाठीला चिकटून आणि वरच्या बाजूला हवं. ते खाली लोंबलं की माणूस पुढे वाकतो आणि कंबर धरते. वाळूचं पोतं मागे सरकत ओढा. वीस लिटरचे दोन कॅन भरून २४० मीटर चाला. पहिल्यांदा बहुतेकांचे पाय शाबूत राहतात, बोटंच आधी सुटतात. अशा वेळी कॅन खाली ठेवा, दहा सेकंद थांबा, पुन्हा उचला आणि आठवड्यागणिक हे थांबे कमी करत जा. नडगीवर एका ठरावीक बिंदूला दाबल्यावर दुखत असेल, तर धावणं लगेच बंद करून डॉक्टरांना दाखवा. तसंच पळत राहिलं की हाडाला चीर पडू शकते आणि मग कित्येक आठवडे मैदान सुटतं.