110 च्या वेगात हँडल फडफडलं तेव्हा: भरलेल्या बाईकवरचे दोन दिवस

पहाटे अंधारातच निघालो. पुढच्या बाईकवर मी, मागच्या बाईकवर दादा. जाऊन-येऊन साधारण 900 किलोमीटरचा पल्ला, त्यातला निम्म्याहून जास्त सरळसोट महामार्ग. मुक्काम छान झाला, हवा चांगली मिळाली, त्याबद्दल एवढंच पुरे. मला सांगायचंय ते पहिल्या दिवशीच्या आठ-दहा सेकंदांबद्दल. सामान लादून लांबच्या रस्त्याला लागणाऱ्यांनी ते निघण्याआधी वाचावं, म्हणून हा खटाटोप.

चूक आदल्या रात्रीच झाली होती. तंबू आणि स्लीपिंग बॅगा फुगीर, म्हणून त्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पॅनिअरमध्ये, म्हणजे सामानाच्या पेट्यांत, कोंबल्या. जड वस्तू लहान असतात, त्या सगळ्या सीटमागच्या पेटीत, टॉप बॉक्समध्ये गेल्या: हत्यारांची पिशवी, स्टोव्ह, हवेचा पंप, साखळी-कुलूप, दोन लिटर पाणी. नंतर वजन केलं तेव्हा बॉक्समधला ऐवज 12 किलो भरला. बॉक्सच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर 5 किलोची मर्यादा छापलेली आहे. तो कागद मी त्याआधी कधी वाचलाच नव्हता.

बाईकने दोनदा सूचना दिली होती. पहिली एका लांब वळणावर, 90 च्या आसपास. बाईक कमरेतून डुलल्यासारखी झाली, हळू, सेकंदाला दोन-तीन हेलकावे. वारा असेल म्हणून सोडून दिलं. दुसरी गुळगुळीत सरळ रस्त्यावर. वेग 70 वरून उतरत होता, हेल्मेटची काच खाली करायला डावा हात सोडला आणि हँडल बारीक थरथरायला लागलं. हात परत ठेवला, थरथर गेली. हात ठेवल्यावर थांबलं म्हणजे ठीक आहे असं वाटतं, पण हात फक्त दुखणं दाबून ठेवतात.

दुपारी एका लांबलचक ट्रकला ओलांडत होते. काटा 110 वर. ट्रकच्या आडोशातून बाहेर पडले आणि बाजूच्या वाऱ्याचा धक्का थेट अंगावर आला. मागचा भाग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे गेला आणि पुढच्या क्षणी हँडल फडफडायला लागलं. आरशांतला रस्ता पुसून नुसता राखाडी पट्टा उरला. मीटरवरचे आकडे वाचता येईनात. मुठी आपोआप आवळल्या गेल्या, कोपरं ताठ झाली, आणि फडफड थेट खांद्यांत शिरली. आवळल्यावर ती वाढली, हे मला स्पष्ट जाणवलं.

मग जे केलं ते क्रमाने सांगते. दोन्ही गुडघ्यांनी टाकी घट्ट धरली. छाती खाली टँक बॅगवर टेकवली. कोपरं वाकवली. हँडल सोडलं नाही, पण त्याला अडवायचं थांबवलं. बोटांचं कडं तेवढं ठेवलं, आत ग्रिप हलतेय तर हलू दिली. गॅस एकदम न सोडता हळूहळू कमी केला. ब्रेकला हात लावला नाही, पायही नाही. नजर लांब, रस्ता जिथे जातो तिथे. 85 च्या आसपास फडफड मंदावली, 80 च्या खाली गेल्यावर संपली. नंतर मागच्या ब्रेकने अलगद वेग उतरवून कडेला थांबले.

दादा मागून आला, बाईक स्टँडला लावायच्या आधीच विचारलं, "लागलं का कुठे?"

"नाही रे दादा. हँडल हातातून जातं की काय असं झालं."

"हँडल नंतर हललं. तुझं मागचं चाक आधी डोलायला लागलं होतं, मी बघत होतो."

त्याच्या या एका वाक्याने पुढचं सगळं सोपं झालं, कारण हे दोन वेगळे प्रकार आहेत. डुलणं, म्हणजे वीव्ह, संपूर्ण बाईकचं असतं. सेकंदाला साधारण 2 ते 4 हेलकावे. वेग वाढला आणि मागे वजन असलं की ते लवकर शमत नाही. वॉबल पुढच्या भागाचं: चाक, फोर्क (चाक धरणारे दोन दांडे) आणि हँडल मिळून सेकंदाला 4 ते 10 वेळा डावी-उजवीकडे झटके देतात. तेच हाताबाहेर जाऊन हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपटायला लागलं की त्याला टँक स्लॅपर म्हणतात. आता हात का लढू शकत नाहीत ते बघा. माणसाला काही जाणवून त्यावर हालचाल करायला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्यात हँडल दुसऱ्या बाजूला पोचलेलं असतं. डावा झटका थांबवायला लावलेला जोर उजव्या झटक्याला जाऊन मिळतो.

"गॅस दे, पुढचं चाक हलकं होईल, थांबेल" हा सल्ला तुम्हालाही कोणीतरी दिला असेल. माझं मत ठाम आहे: नको. वेग वाढतो, डुलणं आणखी बेकाबू होतं, आणि नाही थांबलं तर पडताना वेग जास्त असतो. पुढचा ब्रेक दाबणंही तितकंच वाईट, कारण आधीच भांबावलेल्या पुढच्या चाकावर अचानक भार येतो. छाती खाली नेण्याचा मात्र खरंच उपयोग होतो. वजन पुढे जातं आणि छातीवर आदळणारा वारा तुम्हाला मागे ढकलून हँडलला लोंबकळायला लावत नाही.

रस्त्याच्या कडेला, उन्हात, आम्ही तपासायला बसलो. मागच्या टायरमध्ये हवा 30 पीएसआय. माझ्या बाईकच्या पुस्तकात सामानासकट 36 सांगितलंय, तेही थंड टायरला. धावून तापलेला टायर 30 दाखवत होता, म्हणजे सकाळी त्याहून कमीच असणार. मग दादाने मेन स्टँडवर मागे भार देऊन पुढचं चाक उचलून धरलं. मी खाली बसून फोर्कचे दोन्ही पाय धरले आणि पुढे-मागे ओढले. कट्. अगदी बारीक आवाज, पण हाताच्या तळव्याला नेमका कळतो. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, सैल होता.

टॉप बॉक्सचं गणित दादाने तिथेच मांडलं. बॉक्स मागच्या आसाच्याही पाठीमागे लटकतो, त्यामुळे तिथलं वजन सी-सॉसारखं पुढचं चाक उचलतं. माझ्या बाईकवर आसामागे 35 सेंटीमीटर आणि दोन चाकांत 140, म्हणजे 12 किलोने पुढचा भार 3 किलोने कमी होतो. पण खरा त्रास डोलण्याचा आहे. वस्तू बाईकच्या मध्यापासून दुप्पट लांब ठेवली की डोलताना तिचं जडत्व चौपट होतं. म्हणून तेच 12 किलो खाली आणि मध्याजवळ असले तर बाईक तक्रार करत नाही.

सगळं उपसून पुन्हा बांधलं. हत्यारं आणि पाणी टँक बॅगमध्ये, स्टोव्ह आणि कुलूप पॅनिअरच्या तळाशी पुढच्या कोपऱ्यात, टॉप बॉक्समध्ये नुसते कपडे. दोन्ही बाजूंचं वजन हाताने उचलून सारखं केलं. मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, दोन खाचा वाढवला, कारण मागून बाईक बसलेली होती. टायर थंड झाल्यावर पंपाने हवा भरली. उरलेला प्रवास, परतीसकट, 80 च्या आत केला. डुलणं पुन्हा आलं नाही, तरीही वेग वाढवला नाही, कारण कोनसेट तसाच होता.

निघण्याआधी तुम्ही एवढं नक्की बघा: थंड टायरची हवा, टायरचा मधला पट्टा सपाट झालाय का (महामार्गावर धावलेले टायर असेच झिजतात आणि वॉबलला आमंत्रण देतात), चाकांचं बॅलन्सिंग, आसाचे नट. मागचं चाक बाजूला हलवून स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बुशमध्ये खेळ आहे का तेही पाहा. हँडलवर बसवलेली मोठी काच किंवा जड सामानही स्टिअरिंगबरोबर फिरतं, ते शक्य तेवढं कमी करा. हँडलचे झटके शोषून घेणारा स्टिअरिंग डॅम्पर चांगली वस्तू आहे, पण सैल बेअरिंगवर तो बसवू नका. दुखणं तसंच राहतं, फक्त कळायचं बंद होतं.

घरी आल्यावर कोनसेट उघडला. खालच्या वाटीत, हँडल सरळ असताना बेअरिंगच्या गोळ्या जिथे बसतात नेमक्या तिथे, एका ओळीत खळगे पडले होते. नख फिरवलं तर प्रत्येक खळग्यात अडकत होतं. नवा कोनसेट घातला, आधी रिकाम्या बाईकवर 60, 80, 100 असं टप्प्याटप्प्याने चालवून पाहिलं, मग तेच सामान नव्या मांडणीने लादून पुन्हा. हँडल शांत आहे. 500 किलोमीटरनंतर बेअरिंग बसतं आणि थोडं सैलावतं, तेव्हा ते परत कसून घ्यायचं आहे. तारीख टँक बॅगच्या कप्प्यात लिहून ठेवलीय.