एक हॅलोजन ठेवला तरच नीट चालणारे एलईडी

फोनवर तक्रार ऐकली तेव्हा ती थट्टा वाटावी अशीच होती. हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये चार स्पॉटलाइट. तीन जागी एलईडी आणि एका जागी जुना हॅलोजन असेल तर चारही नीट चालतात. तो हॅलोजन काढून तिथेही एलईडी बसवला की सगळेच थरथरायला लागतात. घरातल्या काकांनी बल्ब बदलून आणले होते, कंपनीही बदलून पाहिली होती. "हल्ली मालच असला येतो," असं त्यांचं ठाम मत. पण जाता जाता ते एक वाक्य बोलले: "तो म्हातारा आहे म्हणून बाकीचे शिस्तीत राहतात बघा." निदान तिथेच झालं होतं.

मेन बंद करून एक दिवा खाली ओढला. बल्बच्या मागे दोन बारीक सरळ पिना, म्हणजे जीयू ५.३ (हे बल्बच्या बुडाच्या प्रकाराचं नाव). पिनांमधलं अंतर ५.३ मिलिमीटर, म्हणून हा आकडा. हे बल्ब बहुतेक १२ व्होल्टचे असतात. जीयू १० च्या पिना जाड, टोकाला बोंड असलेल्या, १० मिलिमीटर अंतरावर, आणि तो फिरवून अडकवायचा असतो. त्याला थेट २३० व्होल्ट लागतात. दोन्हींचा तोंडाचा व्यास साधारण ५० मिलिमीटरच, त्यामुळे खालून बघून फरक कळत नाही.

भोकातून हात घालून २३० चे १२ व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर बाहेर काढला. चारही दिव्यांना मिळून एकच, इलेक्ट्रॉनिक प्रकारचा. लेबलवर भार लिहिलेला: ५० ते १५० वॅट. यातला १५० सगळे वाचतात, ५० कुणी वाचत नाही. पूर्वी ३५ वॅटचे चार हॅलोजन होते, एकूण १४०. तीन जागी ५ वॅटचे एलईडी आले की १५ आणि ३५ मिळून बरोबर ५०, म्हणजे अगदी काठावर. चौथाही एलईडी झाला की २०.

हा ट्रान्सफॉर्मर आतून सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत राहतो, आणि ते चक्र चालू ठेवायला त्याला स्वतःच्याच भाराचा करंट लागतो. भार कमी पडला की चक्र तुटतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं. त्यात एलईडी बल्ब करंट सलग घेत नाही, तुकड्या-तुकड्यांनी घेतो. दिवे थरथरतात ते त्यामुळे. बल्ब सगळे ठणठणीत होते. काकांना लेबल दाखवलं, बेरीज त्यांनी स्वतःच केली.

यावर काही जण हॅलोजन तसाच ठेवायला सांगतात, किंवा भार वाढवायला रेझिस्टर लावतात. वीज वाचवायला एलईडी घ्यायचे आणि वर ३० वॅट नुसते तापवत बसायचे, हे मला पटत नाही. सरळ रस्ते दोन. ट्रान्सफॉर्मर काढून १२ व्होल्ट डीसीचा एलईडी ड्रायव्हर, म्हणजे खास एलईडीसाठीचा वीजपुरवठ्याचा डबा, लावायचा. २० वॅटच्या भाराला ३० वॅटचा पुरतो. किंवा ट्रान्सफॉर्मर कायमचा काढून जीयू १० चे होल्डर बसवायचे. हॉलसाठी दुसरा रस्ता घेतला, कारण मग बिघडला तर फक्त बल्ब बदलावा लागतो. मात्र ट्रान्सफॉर्मरपासून दिव्यांपर्यंतची वायर १२ व्होल्टच्या हिशेबाने टाकलेली होती, ती २३० व्होल्टला चालवायची नाही. ती पूर्ण बदलली, जोड बंद डबीत घेतले आणि धातूच्या फ्रेमला अर्थिंग दिलं.

बल्ब घेताना आणखी एक माप बघावं लागतं, ते म्हणजे उंची. काही एलईडी जीयू १० हे हॅलोजनपेक्षा लांब असतात आणि उथळ फिटिंगमध्ये मागे टेकतात. एलईडीची उष्णता मागच्या बाजूने बाहेर पडते. तिथे हवा नसेल किंवा वर इन्सुलेशनचं पांघरूण असेल, तर आतला कपॅसिटर आधी वाळतो. बल्ब वर्षभरात गेला की दोष एलईडीला लागतो.

हॉलचं काम झालं, दिवे स्थिर. संध्याकाळी पुन्हा फोन: बटण बंद केलं तरी चारही बल्ब मंद लुकलुकतात. बटणात इंडिकेटरचा निऑन असेल तर असं होतं, पण इथे बटण साधं होतं. बटण बंद ठेवून होल्डरला टेस्टर लावला, तर तो पेटला. बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तोडत होतं. वायरिंगमधली ही चूक ट्रान्सफॉर्मर असताना झाकलेली होती, आता अगदी थोडा गळका करंटही एलईडीला पुरत होता. नुसतं लुकलुकणं सोसता आलं असतं. बटण बंद असूनही होल्डर जिवंत, हे सोसण्यासारखं नाही. फेज बटणावर घेतला, लुकलुकणं थांबलं.

एवढं झाल्यावर काकूंनी ओट्याकडे नेलं. तिथे दिवे १.२ मीटर अंतरावर, बल्ब २४ अंशांचे, म्हणजे उजेडाचा झोत तेवढ्या कोनात पसरवणारे. छत २.६ मीटर आणि ओटा ८५ सेंटिमीटर, म्हणजे मधलं अंतर १.७५ मीटर. २४ अंशांचा बल्ब तिथे जेमतेम ७५ सेंटिमीटरचं वर्तुळ टाकतो, आणि दोन वर्तुळांच्या मध्ये जवळपास ४५ सेंटिमीटरचा काळपट पट्टा उरतो. काकू म्हणत होत्या, "वॅट वाढवून द्या." वॅट वाढवून उजेडाची वर्तुळं आणखी झगझगली असती आणि पट्टा डोळ्यांना अधिकच काळा दिसला असता. ३६ अंशांचा बल्ब याच उंचीवरून साधारण १.१५ मीटरचं वर्तुळ देतो. या कोनाच्या काठावर उजेडाची तीव्रता मधल्याच्या निम्मी असते, म्हणून शेजारच्या दोन दिव्यांचे काठ एकमेकांना भिडले की मधली जागा बऱ्यापैकी भरून निघते. ६० अंशांचा घेतला तर वर्तुळ २ मीटरचं, पण तेवढ्याच ल्युमेनमध्ये (बल्बच्या एकूण उजेडाचं माप) मधला उजेड साधारण एक तृतीयांशावर येतो. तिथे ३६ अंशांचे, ४०० ल्युमेनच्या आसपासचे बल्ब लावले. रंग ४००० केल्विन, म्हणजे ना पिवळा ना निळसर असा पांढरा.

एक गोष्ट मात्र बल्ब बदलून सुटणारी नव्हती. दिव्यांची रांग भिंतीपासून १ मीटरवर, ओटा ६० सेंटिमीटर रुंद. उजेड काम करणाऱ्याच्या पाठीमागून येतो आणि स्वतःचीच सावली हातावर पडते. रांग भिंतीपासून ५० ते ६० सेंटिमीटरवर हवी होती. छत नव्याने फोडण्यापेक्षा वरच्या कपाटांच्या तळाला एलईडी पट्टी लावणं बरं, तसंच केलं.

बेडरूममध्ये दिवे मंद करायचा रेग्युलेटर, म्हणजे डिमर, गुणगुणत होता. लेबल वाचलं: ४० ते ४०० वॅट. खाली बल्ब सगळे मिळून १५ वॅटचे आणि खोक्यावर 'डिमेबल' (मंद करता येणारा) शब्दच नाही. पुन्हा तोच किमान भाराचा प्रश्न. एलईडीसाठीचा ट्रेलिंग एज डिमर (विजेच्या प्रत्येक लाटेचा शेवटचा भाग कापणारा) आणि डिमेबल बल्ब, दोन्ही बदलले. एकच बदलून भागत नाही. रंग २७०० केल्विन, म्हणजे उबदार पिवळसर. हॅलोजन मंद केला की पिवळसर होत जायचा, साधा एलईडी मंद होतो पण रंग तोच राहतो, हे आधीच सांगून ठेवलं. उशीच्या बरोबर वरचा दिवा थेट डोळ्यांत येत होता. तिथे बल्ब आत खोल बसणारी फिटिंग घेतली. कपाटाच्या आरशासमोर सीआरआय ९० चा बल्ब लावला; सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा. खोक्यावरचा सीआरआय आठ फिकट नमुन्यांवरून काढलेला असतो, गडद लाल त्यात धरलेला नसतो. म्हणून ८० च्या बल्बखाली लाल कपडे आणि त्वचा मरगळलेली दिसू शकते. लाल रंगाचा आर९ आकडा वेगळा छापला असेल तर तोही बघावा.

बाथरूममधले दोन दिवे मी १२ व्होल्टवरच ठेवले. शॉवरच्या वर २३० व्होल्ट न्यायचं कारण नव्हतं. १५ वॅटचा डीसी ड्रायव्हर बाथरूमबाहेर, छताच्या तपासणी-झडपेत बसवला आणि फिटिंग आयपी ६५ ची, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न घेणारी, घेतली. तिथे एक धोका राहतो: जीयू ५.३ पिनांचे पण २३० व्होल्टचे बल्बही बाजारात मिळतात. तो बल्ब इथे लावला तर नुसता पेटणार नाही, पण उलटं झालं, २३० व्होल्टच्या होल्डरमध्ये १२ व्होल्टचा गेला, तर क्षणात फुटतो. झडपेच्या आत मार्करने 'फक्त १२ व्होल्ट, एकूण १५ वॅटपर्यंत' लिहिलं आणि काकांना त्याचा मोबाइलवर फोटो काढायला लावला.