अँटीव्हायरस चालू, फायली बंद

सोमवार होता आणि तारीख २०. घरात कुणी अकाउंट्समध्ये असेल तर या तारखेचं वेगळं सांगायला नको, जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस. महापे एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत मी स्टोरेज, म्हणजे सगळ्यांच्या फायली जिथे राहतात ती यंत्रणा, सांभाळतो. लोकलने रबाळे सोडलं आणि हेल्पडेस्कचा फोन आला. शेअर ड्राइव्हवरची फाइल कुणालाच उघडत नव्हती. फोल्डर दिसत होते, फायलींची नावंही दिसत होती, पण क्लिक केलं की ‘ॲक्सेस डिनाइड’.

पहिला संशय रॅन्समवेअरचाच, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा. २०१७च्या जूनमध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं होतं. तेव्हापासून निदान मी तरी ‘फाइल उघडत नाही’ हे शब्द हलके घेत नाही. पण नावं आणि एक्स्टेन्शन शाबूत होती. शिवाय लिनक्सवर बसणारी सिम्युलेशनची मंडळी त्याच फायली आरामात वाचत होती. हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. स्टोरेजपर्यंत ही मंडळी एनएफएस नावाच्या वाटेने येतात, बाकी सगळं ऑफिस विंडोजवरून, म्हणजे एसएमबी नावाच्या दुसऱ्या वाटेने. आणि आमच्याकडे फाइल उघडताना होणारं स्कॅनिंग फक्त एसएमबीला लागू आहे. दुखणं स्टोरेजचं नव्हतं, अँटीव्हायरसच्या वाटेवरचं होतं.

आमच्या स्टोरेजमध्ये स्वतःचा अँटीव्हायरस नाही. विंडोजवरून कुणी फाइल मागितली की ते ती क्षणभर अडवतं आणि शेजारच्या दोन स्कॅन सर्व्हरपैकी एकाला विचारतं. होकार आला की सोडतं. दोन्ही सर्व्हर गप्प बसले तर? ते एका सेटिंगवर अवलंबून असतं. ‘स्कॅन सक्तीचं’ ठेवलं असेल तर उत्तर नाही म्हणजे फाइल नाही. आमच्याकडे ते सक्तीचं होतं.

सिक्युरिटी टीमला फोन लावला. ‘आमच्या डॅशबोर्डवर सगळं हिरवं आहे.’ खोटं बोलत नव्हते ते. त्या दोन्ही विंडोज सर्व्हरवर अँटीव्हायरस ठणठणीत होता, नवी व्हायरस-यादीही उतरली होती. पण तो राखण करत होता स्वतःच्या सी ड्राइव्हची! स्टोरेजचा प्रश्न त्याच्यापर्यंत नेणारी एक वेगळी सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम, असते, ती बंद होती. आणि तिचा दिवा कुणाच्याच डॅशबोर्डवर नव्हता. सुरू करायला गेलो तर एरर १०६९, लॉगऑन फेल्युअर. ज्या सर्व्हिस अकाउंटवर ती चालते त्याच्या पासवर्डची मुदत संपली होती. सर्व्हिस सुरू होती तोवर कुणाला पत्ता लागला नाही. रविवारी रात्री पॅचिंग झालं, म्हणजे विंडोजचे अपडेट टाकले गेले, दोन्ही सर्व्हर रीस्टार्ट झाले आणि दोन्हीकडे ती उठलीच नाही.

पासवर्ड बदलायचा अधिकार तिसऱ्याच टीमकडे, आणि त्यांची मंजुरी यायला वेळ. तोवर अकाउंट्सच्या मॅडम माझ्या खुर्चीशेजारी येऊन उभ्या. ‘अहो, आज वीस तारीख आहे. तुमचा व्हायरस उद्या शोधा.’ आमच्या साहेबांचंही तेच मत पडलं, सक्ती काढून टाका, सगळं उघडू दे.

मी नाही म्हटलं. सप्लायर लोक ज्या फोल्डरमध्ये बाहेरून ड्रॉइंग आणि बिलं टाकतात, तोही त्याच स्टोरेजवर आहे. सक्ती काढली की तो उघडणार, आणि बाहेरची घाण यायची वाट तीच. त्यापेक्षा एकट्या अकाउंट्सच्या शेअरपुरतं स्कॅनिंग बंद करता येत होतं. सिक्युरिटीकडून तसं मेलवर लेखी घेतलं आणि केलं. त्या शेअरवर बाहेरचं काही थेट येत नाही, म्हणून ही जोखीम मला पटली. डिझाइनवाले मात्र खवळले. ‘त्यांना मिळतं, आम्हाला का नाही?’ यावर चहा पाजण्यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुपारी पासवर्ड बदलून मिळाला. दोन्ही सर्व्हरवर टाकला, सर्व्हिस उठली, स्टोरेजवर ‘कनेक्टेड’ दिसलं. त्यावर विसंबलो नाही. आयकारची चाचणी फाइल शेअरवर टाकली. ६८ अक्षरांचा निरुपद्रवी मजकूर, पण अँटीव्हायरसने त्याला व्हायरस समजायचं असा संकेत आहे. टाकली आणि गायब झाली. पाठोपाठ सिक्युरिटीचा घाबरा फोन, ‘तुमच्या मशीनवरून व्हायरस आलाय!’ डॅशबोर्ड अखेर जागा झाला होता.

त्यानंतरही तासभर सगळं रखडतच होतं. डिझाइनवाल्याने एक असेंब्ली उघडली की तिच्यामागे शेकडो पार्ट फायली उघडतात, आणि प्रत्येकीची विचारपूस वेगळी. सगळे एकदम तुटून पडले होते. अकाउंट्सचं रिटर्न तोवर भरून झालं होतं. त्यांच्या शेअरचं स्कॅनिंग परत लावलं आणि रात्री तो अख्खा शेअर तपासून घेतला. काही सापडलं नाही.

दोन्ही सर्व्हर एकाच रात्री पॅच करायचे नाहीत, हे पॅचिंगवाल्यांनी लगेच मान्य केलं. सर्व्हिस बंद पडली तर आता मला मेल येतो. सर्व्हिस अकाउंटच्या पासवर्डची मुदत कोणी सांभाळायची, हे घोंगडं मात्र तीन टीमच्या मध्ये अजून भिजत पडलंय.